शब्बीरभाईंची संपादकांकडे तक्रार

शब्बीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला बँकेत, जिवंत असल्याचा दाखला द्यायच्या रांगेत उभा होतो. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हे सोपस्कार करावे लागतात. फोनवर त्यांची मुलगी नसरीन होती. "चाचा, अब्बा सकाळी दुकान उघडता उघडता खाली बसले... उठलेच नाही." मी "बरं" म्हणालो. बरं काय डोंबलाचं, पण तोंडातून तेच निघालं. मागच्यानं सरका म्हटलं, मी सरकलो, मशीनवर अंगठा टेकवला, मशीननं मला जिवंत ठरवलं आणि मग मी नेरच्या बसमध्ये जाऊन बसलो. मय्यतीला पोचलो, माती दिली. आता चाळिसावाही होऊन गेला. दुःखाचं एक वेळ समजतं हो, पण या माणसानं मला कितपत ओळखलं होतं, तेच मला कळेनासं झालं आहे.

नेरला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळलेली मोटार यायची, हे तिच्यातली तांब्याची तार उपसून नवी भरायचे. बेअरिंग गुंडाळायला अमरावतीहून रद्दी आणायचे. एकदा त्या गठ्ठ्यात शिडाच्या होड्यांचं इंग्रजी मासिक निघालं, चांगलं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. त्याची पानं फाडायला त्यांचा जीवच झाला नाही. त्यांनी रद्दीवाल्याला सांगून ठेवलं आणि महिन्याला दोन-तीन अंक यायला लागले, कधी या वर्षाचे, कधी दहा वर्षांपूर्वीचे. या माणसानं समुद्र जन्मात पाहिलेला नव्हता. मीही नाही, पण मी भूगोलाचा मास्तर, मोसमी वारे शिकवण्यात माझी उभी हयात गेलेली. "सर, तुमी वाचा अन् मले सांगा," ते म्हणाले. माझं इंग्रजी जेमतेम. पण गावात एकदा का लोक सर म्हणायला लागले, की माणसाला 'मला येत नाही' म्हणायची सोय राहत नाही.

मग दर रविवारी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर आमची बैठक. ते माझं स्टूल फडक्यानं पुसायचे, चहा मागवायचे आणि मांडीवर हात ठेवून ऐकायला बसायचे, वर्गात पहिल्या बाकावर बसावं तसे. मी वाचायचो, म्हणजे वाचल्यासारखं करायचो. त्या होड्यांत प्रत्येक दोरीला वेगळं नाव, वाऱ्याच्या प्रत्येक कोनाला वेगळा शब्द. माझी पार दांडी गुल. शेवटी मी फोटो बघायचो आणि ठोकून द्यायचो, "वारा पाठीमागून घ्या, परदा मोकळा सोडा, अंगात तरंगायचं जाकीट घाला, घाई करू नका." शिडाला ते परदा म्हणत, म्हणून मीही परदा. पुढचा अंक आला, की पुन्हा वारा पाठीमागून घ्या. कधी जाकीट आधी, परदा नंतर.

आणि शब्बीरभाई तापायचे. "हे लोक दर खेपेले तेच ते काहून लिहून राह्यले जी? आमी काय बावळट आहो?" मी लगेच री ओढायचो. काय ही मासिकं, मुखपृष्ठावर तोच निळा समुद्र, तेच पांढरं शीड, तीच दात दाखवणारी बाई. आम्ही दोघं अर्धा-अर्धा तास त्या परदेशी संपादकाचा उद्धार करायचो. मला त्यात मजा यायची, हे कबूल करतो. चोर मी आणि बोंबही मीच मारत होतो.

पण त्यांचं नुसतं ऐकण्यावर भागत नव्हतं. त्यांनी होडी केली. प्लायवूडची, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे ड्रम, डोलकाठीला बोअरचा जुना पाइप आणि शीड म्हणून कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स. गावच्या तलावावर ती पहिल्यांदा सोडली तेव्हा मी काठावर होतो. वारा पाठीमागून होता, परदा मोकळा होता, जाकीट नव्हतं. पुढारी हात जोडून हसत हसत पलीकडच्या काठाला गेला. गेला तो गेलाच, परत येईना. शब्बीरभाईंनी खूप खटपट केली आणि अखेर उतरून, दोरी धरून, चिखल तुडवत, हट्टी बकरी आणावी तशी ती होडी काठाकाठानं ओढत आणली. मला पाण्याची भीती. त्यानंतर मी तलावावर गेलो नाही.

पुढच्या रविवारी ते चहा न घेताच म्हणाले, "सर, जायचं सारेच सांगतात. वारा सामने असला तं वापस कसं यायचं, ते कोणीच कायले सांगत नाही?" मी अंक चाळल्याचं नाटक केलं. एका पानावर होडीची चित्रं होती, बाण होते, वाकडीतिकडी रेघ होती आणि खाली बारीक अक्षरांचा डोंगर. मी ते पान उलटलं. "नाही दिलेलं," म्हणालो. तेव्हा त्यांनी संपादकाला पत्र लिहायला लावलं. ते सांगत गेले, मी इंग्रजीत उतरवत गेलो... तेच ते छापता, वाचकाला परत यायचं शिकवत नाही, तुमचा नेरचा वाचक, शब्बीर. खाली त्यांनी उर्दूत सही केली. ते पत्र मी टपालात टाकलंच नाही. संपादकानं उत्तर धाडलं, की अमुक पानावर दिलंय, तर? ते माझ्या डायरीतच राहिलं. ते विचारायचे, "जवाब आला का, सर?" मी म्हणायचो, "नाही अजून. परदेशातलं टपाल, वेळ लागणारच." वर्षभर विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज वाटते आता सांगताना.

चाळिसाव्याला नसरीननं सगळे अंक सुतळीनं बांधून माझ्यापुढे ठेवले. "हे तुमचंच आहे, चाचा." मी म्हणालो, "बिचाऱ्यांचं परत यायचं शिकायचं राहूनच गेलं बघ." तिनं माझ्याकडे विचित्र पाहिलं. "कोणाचं? अब्बा तं दोन वर्षांपासून वापस येत होते. परदा लावूनच. आडवं-तिडवं जायचं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मीच बसत होती ना संगं." मी विचारलं, कुणी शिकवलं? "पुस्तकातले बाण पाहून. चाचा, जो माणूस नकाशा पाहून अख्खी मोटार भरते, त्याले बाण समजत नाही का?" मग मला दर रविवारी कशाला वाचायला लावायचे? "ते मले काय माहीत. पण रविवारी दुपारी गिऱ्हाइकाले बसू देत नव्हते, एवढं पाह्यलं मी."

घरी येऊन गठ्ठा सोडला. ते बाणांचं पान लगेच सापडलं, त्यावर ग्रीसचा काळा अंगठा होता. शब्दकोश घेऊन बसलो. एक पान वाचायला मला आठवडा लागला, खोटं नाही सांगत. मग सहज दुसरा अंक उघडला. तोच लेख. तीच चित्रं, तेच बाण, होडीचा रंग तेवढा बदललेला. एकूण चार अंकांत तो निघाला आणि चारही पानांवर अंगठा. म्हणजे ती मंडळी खरंच तेच ते छापत होती आणि मीही तेच ते सांगत होतो. मग शब्बीरभाई माझ्याकडे बघत "तेच ते काहून" म्हणायचे, तेव्हा तक्रार कुणाबद्दल होती? संपादकाबद्दल, की समोर बसलेल्या माझ्याबद्दल? आणि माझ्याबद्दल होती, तर पुढच्या रविवारी पुन्हा स्टूल का पुसायचे? हसत होते का मनात? का रागावले होते? डोकं भणाणून जातं. विचारायचं कुणाला...

परवा डायरीतून ते पत्र काढलं. परत यायचं शिकवत नाही, ही ओळ खोडली. त्या जागी लिहिलं, की परत यायचं तुम्ही चार वेळा शिकवलं, आता पुढचं काहीतरी छापा. सही त्यांचीच राहू दिली, पत्ताही दुकानाचाच. पोस्टातल्या बाईनं विचारलं, पाठवणारे तुम्हीच का? मी हो म्हणालो. दुकानाला कुलूप आहे, पण किल्ली नसरीननं माझ्याकडे दिली आहे. या रविवारी जोहरच्या सुमारास जाऊन शटर वर केलं, दाराखाली काही पडलंय का पाहिलं आणि स्टूल पुसून बसलो. जवाब अजून आलेला नाही, शब्बीरभाई. या खेपेला खरंच आलेला नाही.