नववी ‘ब’चा दुसरा बाक

बावीस वर्षांची असताना मी पुन्हा नववीत गेले. टीव्हीवरच्या एका मालिकेत. उंची कमी, अंगानं बारीक, गाल भरलेले, त्यामुळे कॉलेजच्या नाटकातही मला धाकटी बहीण नाहीतर शेजारची पोरगीच मिळायची. ऑडिशनच्या वेळी त्यांनी वय विचारलं, मी खरं सांगितलं. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक जण म्हणाला, "दिसत नाही. चालेल."

मालिका विदर्भातल्या एका शाळेची होती, म्हणून शूटिंग नागपुरातच. उमरेड रोडवर बंद पडलेली एक शाळा त्यांनी भाड्यानं घेतली होती. भिंती पिवळ्या रंगवल्या, मैदानात झेंड्याचा खांब रोवला, व्हरांड्यात पाण्याची टाकी आणून ठेवली, जिला नळ होते पण पाणी नव्हतं. आमचं घर उमरेडला. रोज सकाळी सातला तयार होऊन बसायचं म्हणजे एसटीच्या भरवशावर राहून जमणार नव्हतं, म्हणून मी सेटजवळच हुडकेश्वरला एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. बाबा गादी आणि गॅसची शेगडी घेऊन आले, खिडकीची कडी नीट बसते का ते पाहिलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. एकटीनं राहायची ती माझी पहिलीच वेळ.

पहिल्याच दिवशी पहिल्याच वाक्याला माझी चूक झाली. "सर, मला बरं नाही" असं म्हणायचं होतं. मी म्हणाले, "सर, मले बरं नाही." सगळी पोरं हसली. डायरेक्टर हसले नाहीत. शाळा विदर्भातली असली तरी बोलायचं पुस्तकातल्यासारखं, असं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मग मी खोलीवर आरशासमोर बसून मला, तुला, त्याला असं घोकायची. काही दिवसांनी फोनवर आई म्हणाली, "तू माह्याशीई टीव्हीवाणी काहून बोलून राहिली वं?" माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

वर्गातली बाकीची मुलं खरोखर तेरा-चौदा वर्षांची होती. मेकअपची खोली मोठ्या कलाकारांची. तिथे मुख्याध्यापिकेचं आणि मुलांच्या आयांचं काम करणाऱ्या बायका बसत. त्यांच्यात घरभाड्याच्या, सासूच्या, पुण्या-मुंबईच्या गोष्टी चालायच्या. मी आत गेले की एखादी म्हणायची, "बाळा, मुलांची खोली पलीकडे आहे." पलीकडे गेलं तर मुलं अभ्यास करत बसलेली. त्यांच्या आया डबे उघडून वाट पाहत असायच्या. मुलं मला पाहून जरा सावरून बसत. घरी एखादी मोठी ताई आली की बसतात तशी. शेवटी मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागले.

दुसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी गोष्टीत माझी जिवाभावाची मैत्रीण होती. खरी ती आठवीत. चित्रं छान काढायची. पहिले काही दिवस मला ताई म्हणायची, मग असिस्टंट डायरेक्टरनं तिला बजावलं की टेकमध्ये चुकून तोंडातून जाईल, हिला मालिकेतल्या नावानंच हाक मार. तेव्हापासून सेटवर सगळेच मला त्या नावानं हाक मारू लागले. चहावाला दादासुद्धा.

आम्ही बाकावर एकमेकींच्या वहीत खुणा करायचो, डबा वाटून खायचो, एकीला छडी बसली की दुसरी रडायची. हे सगळं लिहिलेलं होतं, पण दोन टेकच्या मधे लाइटवाले लाइट हलवत असताना ती मला वहीच्या मागच्या पानावर कोणाकोणाची चित्रं काढून दाखवायची, ते कोणी लिहिलेलं नव्हतं. त्या दहा मिनिटांची मी सकाळपासून वाट पाहायची. मला हे सांगायला आजही थोडी लाज वाटते. बावीस वर्षांची बाई, आणि दिवसभरात तिच्याशी मनापासून बोलणारी एक आठवीतली मुलगी.

मुलांना संध्याकाळी लवकर सोडावं लागे. म्हणून आधी त्यांचे शॉट घ्यायचे, आणि ती घरी गेली की कॅमेरा माझ्याकडे वळवायचे. मैत्रिणीकडे बघून मी हसते, तिच्यावर रुसते, तिला गुपित सांगते, ते सगळं मी रिकाम्या बाकाशी करत असे. तिचे डोळे असतील त्या उंचीवर एका स्टँडला पांढरी चिकटपट्टी लावलेली असायची. तिची वाक्यं असिस्टंट कागदावरून वाचायचा, एका सुरात. टीव्हीवर जोडून दाखवलं की आम्ही दोघी समोरासमोर बसलोय असंच वाटायचं.

डिसेंबरात तिचा वाढदिवस आला. आठवडाभर मुलांच्या खोलीत तीच चर्चा. केक कुठला, कोण कुठल्या गाडीतून येणार. रविवारी होता, तिच्या घरी. मी शनिवारी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी जलरंगांची चांगली पेटी घेतली, आणि एक जाड कागदाची वही. मला बोलावलेलं नव्हतं, पण मला वाटलं, सगळ्यांनाच सांगितलंय तर वेगळं काय सांगायचं. पत्ता विचारायचा म्हणून शनिवारी संध्याकाळी तिच्या आईला फोन लावला. तिनं उचलला नाही. रविवारी दिवसभर मी फोन जवळ ठेवून बसले. कपडेही धुतले नाहीत.

सोमवारी सगळ्या मुलींच्या दप्तरांना एकसारखे जांभळे पाऊच लटकत होते. तिची आई व्हरांड्यात भेटली.

"अगं, तुझा मिस्ड कॉल होता ना? घाईत राहूनच गेलं. काही काम होतं का?"

"नाही, सहज," मी म्हणाले.

"हिचा वाढदिवस होता. सगळी छोटी छोटी पोरं, तुला बोलवावं म्हटलं तर तू एकटी मोठी. कंटाळली असतीस."

ती वाईट बाई नव्हती. खरंच तिला तसं वाटलं असणार, आणि कदाचित ते बरोबरही होतं. मी पिशवी तिच्या हातात दिली. "हे तिच्यासाठी." ती जरा गोरीमोरी झाली. दुसऱ्या दिवशी मुलीनं मला एक पाऊच आणून दिला. "मम्मीनं दिलाय. एक उरला होता," ती म्हणाली. मी त्यात सेफ्टी पिना ठेवायला लागले.

त्याच आठवड्यात दोघींच्या भांडणाचा सीन होता. मैत्रीण दुसऱ्या मुलींमध्ये रमते आणि मी तिला विचारते, माझी आठवण का नाही आली. तिचे शॉट दुपारी झाले. ती गेल्यावर माझा क्लोजअप लावला. मी चिकटपट्टीकडे पाहून बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्यात माझा आवाज फुटला. असं रडणं मला लिहून दिलेलं नव्हतं. असिस्टंट पुढचं वाक्य वाचायचं विसरला. कट म्हटल्यावर डायरेक्टर उठून आले, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "आजवरचं सगळ्यात चांगलं काम." मग ते मॉनिटरकडे गेले आणि लोक वायरी गुंडाळायला लागले.

खोलीवर आल्यावर मी आईला फोन केला.

"जेवली का?" तिनं विचारलं.

"हाव. आज माझं काम चांगलं झालं."

"अवं, कालचा भाग पाहून शेजारीण म्हणून राहिली होती, तुही पोरगी किती हासते वं टीव्हीत." मागे कुकरची शिट्टी झाली. "थांब, भात लागते. मंग करतो मी."

तिनं नंतर केलाही फोन. पण तोवर मला सांगावंसं वाटेनासं झालं होतं.

उन्हाळ्यापर्यंत मुलं वाढली. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा उंच झाली. शेजारी बसवायचं तर तिला वाकायला सांगत. मागच्या बाकावरच्या मुलाचा आवाज फुटला. मग कळलं की गोष्ट एकदम पाच वर्षं पुढे नेणार, सगळे कॉलेजात दाखवणार आणि मुलांच्या जागी मोठे कलाकार घेणार. मुलांच्या आयांना हायसं वाटलं. शाळा, ट्यूशन, सगळंच अडलं होतं. मलाही मनातून आनंद झाला, वेगळ्या कारणानं. या वर्गात कॉलेजच्या वयाची मी एकटीच होते. मला बदलायचं कारणच नव्हतं.

डायरेक्टरांनी मला मुख्याध्यापिकेच्या खोलीत बोलावलं, म्हणजे त्या नावाच्या सेटवर. "बस," म्हणाले. "तुझी कॅमेरा टेस्ट पाहिली. साडीत, पंजाबी ड्रेसमध्ये. तू कॉलेजची वाटत नाहीस गं. शाळेचं गॅदरिंग आहे असं वाटतं."

"पण सर, मी खरंच तेवीसची आहे."

"माहिती आहे," ते म्हणाले. आणि थोडा वेळ टेबलावरच्या खोट्या रजिस्टरची पानं उलटत राहिले.

शेवटच्या दिवशी मुलांनी एकमेकांच्या गणवेशाच्या शर्टांवर पेननं सह्या केल्या. ड्रेसवाल्या मावशी ओरडत होत्या, ते कपडे परत द्यायचेत म्हणून. माझ्या मैत्रिणीनं माझ्या बाहीवर एक लहानसं फूल काढलं. "उद्यापासून तू काय करणार?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "बघू." तिची आई फाटकापाशी स्कूटर सुरू करून उभी होती. ती पळाली.

खोलीचं महिन्याचं भाडं भरलेलं होतं, पण मी उमरेडला गेले. पाच वर्षांनंतरचा पहिला भाग घरीच पाहिला, आई, बाबा आणि दोन शेजारणींबरोबर. माझं काय झालं हे एका वाक्यात सांगून टाकलं होतं, की ती मामाकडे शिकायला गेली. मला वाटलं होतं निदान एखादा जुना शॉट दाखवतील.

"काहून गेली वं मामाकडे?" एका शेजारणीनं मलाच विचारलं.

"मले नाही माहीत," मी म्हणाले. तोंडातून आपोआप 'मले' निघालं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

दोन महिने काहीच काम नव्हतं. मग एका ओळखीनं जाहिरातींना आवाज द्यायचं काम मिळालं. नागपुरात, एका इमारतीच्या तळघरात, भिंतींना फोम लावलेल्या छोट्या खोलीत. आता तेच करते. आवाजाला उंची नसते. मी आई होते, डॉक्टर होते, कधी सून होते. खोलीत मी एकटीच असते, काचेपलीकडे मशिनवाला. हुडकेश्वरची खोली मी सोडली नाही. घरमालकिणीनं मध्यंतरी विचारलं होतं, आणखी एखादी मुलगी ठेवायची का सोबतीला. मी नको म्हणाले, आणि का म्हणाले ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पंधरा दिवसांनी एकदा एसटीनं घरी जाते. बाबा स्टँडवर आलेले असतात. माझी पिशवी घेतात, कामाचं काही विचारत नाहीत. "आज लय ऊन आहे," म्हणतात, आणि मी त्यांच्या मागोमाग सावलीच्या बाजूनं चालू लागते.