आत्या आणि बशीतल्या पेशी

दादाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. हातमोजे घातलेले होते, म्हणून उचलला नाही. नंतर त्याचा मेसेज वाचला. आत्या गेली...

आत्या चाकणला कंपन्यांत कामाला येणाऱ्या मुलांसाठी खानावळ चालवायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. माझ्या संशोधनाबद्दल घरात कुणी विचारत नसे आणि मला ते सोयीचं वाटायचं. आत्याने मात्र एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं. मी अडखळत सांगितलं, की मलेरियावरचं एक औषध आम्ही कॅन्सरच्या पेशींवर वापरून बघतो. त्या पेशी भराभर वाढतात, म्हणून लोह जास्त ओढून घेतात. औषध त्या लोहाला भिडलं की पेशी आतून मोडते. लोह काढून घेतलं, तर बऱ्याचदा तगते.

"म्हणजे हावरेपणाच नडतो म्हण की," ती म्हणाली आणि वाढणाऱ्या मावशींना हे सगळं माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं.

पुढे तिलाच कॅन्सर निघाला. केमोने ती पार थकली. मग रोज लोखंडी कढईतली भाजी खाऊ लागली, मेडिकलमधून मलेरियाच्या गोळ्या आणून ठेवल्या आणि आता केमो बंद, असं जाहीर केलं. घरातले तिचं मन राखायला माना डोलवत होते. "तुझीच तर युक्ती," असं म्हणत तिने मला गोळ्यांचं पाकीट दाखवलं.

मोठ्यांना विरोध करायची मला सवय नाही. तरी म्हटलं, "आत्या, माझ्याकडे नुसत्या प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशी आहेत गं. माणसात काय होईल, मला माहीत नाही. कढईने तर काहीच होणार नाही. याच्या भरवशावर केमो सोडू नकोस."

ती चिडेल, असं वाटलं... पण तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "बरं झालं बोललीस. सगळे मला हो ला हो करतायत. भीतीच वाटायला लागली होती."

केमो तिने पूर्ण केली. त्याने तिला किती काळ मिळाला, मी सांगू शकत नाही. पण त्या काळात ती पुन्हा गल्ल्यावर बसली, ताटात टाकणाऱ्या मुलांवर ओरडली आणि दर रविवारी मला विचारत राहिली, "काय म्हणतायत तुझे हावरे?" इंग्रजी शब्द आला की थांबवायची. मला कळेल असं सांग, म्हणायची. तिच्यामुळे मी बोलायला शिकले.

आता प्रयोगाची नोंद इंग्रजीत करण्याआधी मी ती हळूच मराठीत सांगते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण विचारते, कुणाशी बोलतेस? मी काही नाही म्हणते... आणि उरलेलं सांगून संपवते.