समुद्राचा चार्ज

बिऱ्हाडेभाऊ दुपारी डबा खायला उठले, तरी टेबलाचा चार्ज देऊन उठत. 'पेन दोन, स्टेपलर एक, फायली चार' अशी चिठ्ठी लिहून शेजारच्या टेबलावर माझी सही घेत आणि मगच हात धुवायला जात. डिंडोलीचं घर बंद करून गावी निघाले, तेव्हा शेजारणीला दिलेल्या यादीत माठात किती पाणी आहे तेही होतं. समुद्रातून हजिऱ्याला येणाऱ्या गॅसची कागदपत्रं सांभाळणारं आमचं सुरतचं सरकारी ऑफिस त्यांना हसायचं. मीही हसायचे.

नव्वदच्या दशकात एकदा दिल्लीहून पत्र आलं. पृथ्वी तापते आहे, तेव्हा समुद्रातलं तेल आणि गॅस काढणं पुढेमागे बंद करायचं झाल्यास काय करावं लागेल, ते पंधरा दिवसांत कळवा. सगळ्या टेबलांनी 'निरंक', म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, असं लिहून पत्र पुढे सरकवलं. भाऊंनी मात्र नवा फुलस्केप घेतला. बंद करायचं म्हणजे ज्याचं त्याला परत द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवस खपून त्यांनी यादी केली. विहिरी, पाइपलाइनी, लोखंडी मचाणं, आणि शेवटी 'समुद्र, एक, वापरलेला'.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. भाऊंची बढती किती वर्षं अडलेली, निवृत्तीला वर्षच उरलेलं, आणि शिफारस साहेबांच्या हातात. निरंक लिहा, संध्याकाळी शिफारस पाठवतो, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. त्यावर भाऊंनी विचारलं, "पण साहेब, चार्ज घेणाऱ्याची सही कोणाची घ्यायची?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

रविवारी भाऊ मला साक्षीदार म्हणून घेऊन हजिऱ्याच्या किनाऱ्यावर गेले. एक म्हातारा माछी जाळं विणत बसला होता. सगळ्यांत जुना ताबा याचाच, असं भाऊंनी ठरवून टाकलं. म्हाताऱ्याने यादी गुजरातीत वाचून घेतली, अंगठ्याला शाई लावू दिली आणि अंगठा तसाच हवेत धरून विचारलं, "आमां माछलां क्यां छे?"

यादीत मासे नव्हते. पूर्वी होते तेवढे मासे मांडल्याशिवाय अंगठा मिळणार नाही, असं तो म्हणाला. भाऊंनी नग विचारले. म्हाताऱ्याने नुसता पाण्याकडे हात केला. अपुरा चार्ज देताना भाऊ जन्मात पहिल्यांदाच पकडले गेले होते. परतीच्या रिक्षात ते एवढंच बोलले, "ताई, चूक माझीच हाये."

सोमवारी त्यांनी कळवलं, 'यादी अपुरी. काम चालू.' बढती गेली. वहिनी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मलाही त्यांचा राग आला, कारण एका शब्दात सगळं निभावलं असतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी टेबलाचा चार्ज मला दिला. मी सवयीने भराभर सह्या करत गेले. शेवटच्या पानावर समुद्र होता, आणि त्याखाली माशांसाठी अर्धं पान मोकळं सोडलेलं.

"हा मी कोणाला देऊ, भाऊ?"

"घेणारा येईल कधी ना कधी. तुम्ही फक्त निरंक लिहू नका, ताई."

मला रडू आलं, तरी सही केली. आता माझ्या निवृत्तीला दोन महिने उरलेत, आणि माझ्या जागी येणाऱ्या बाईंपुढे ते पान कसं ठेवावं, हे मला अजून सुचलेलं नाही.