आईची तिरकी अक्षरं

कर्जतला तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. आधी मी मशिनवर टायपिंग शिकवायचे. मशिनं भंगारात गेली, संगणक आला, पण हात मशिनचाच राहिला. मथळा मधोमध आणायचा असेल तर मी अजून अक्षरं मोजते आणि हिशेबानं स्पेसबार मारते. नवं पान हवं असलं की एंटर दाबत सुटते. कुणी शहाण्यानं ‘कंट्रोल ई दाबा, आपोआप मधे येईल’ असं सुचवलं की माझं डोकं फिरतं. टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झालेल्या बाईला हे काय शिकवणार?

दोन शॉर्टकट मात्र मी जिवापाड जपले. पहिला कंट्रोल एस. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझ्या संगणकाची बॅटरी म्हातारी. त्यामुळे दर ओळीला सेव्ह करायची सवय लागली. दुसरा म्हणजे कंट्रोल ए आणि त्यामागोमाग कंट्रोल स्पेसबार. लोक मोबाइलवर टाइप करून आणतात, त्यात एक ओळ जाड, एक निळी, एक बारीक. या दोन कळांनी सगळी अक्षरं एकसारखी साधी होतात आणि घर झाडून काढल्यासारखं बरं वाटतं.

मे महिन्यात एका सकाळी एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. भिवपुरीच्या वर, डोंगरातल्या एका ठाकरवाडीवरची. रानभाज्या आणि रानातले कंद यांच्यावर तिनं एम.ए.चा प्रबंध लिहिला होता. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून टाइप केलेला, तोही परत देऊन झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत प्रबंध कॉलेजात द्यायचा होता.

“काकू, फक्त प्रिंट काढा. मांडणी मी केलीय,” ती म्हणाली आणि आईला गाठायला बाजारात गेली. आई रानातली शेवळं आणि त्यांच्यात घालायची आंबट काकडं विकायला बसली होती.

‘मांडणी मी केलीय’ हे मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. फाइल उघडली तर मथळे नीटनेटके होते, पण मधेच परिच्छेदच्या परिच्छेद तिरक्या अक्षरांत. देवनागरी तिरकी केली की मला ती कलंडलेली दिसते. पोरीच्या हातून भलतीच कळ दाबली गेली, असं मी ठरवून टाकलं. कंट्रोल ए, कंट्रोल स्पेसबार, कंट्रोल एस. एक प्रत छापली, फाइल बंद केली आणि चहा मागवला.

ती आईला घेऊन आली. प्रत चाळता चाळता तिचा चेहरा उतरला.

“काकू, तिरकं कुठं गेलं?”

“काढलं. बरं दिसत नव्हतं.”

तिनं प्रत माझ्यापुढं धरून सांगितलं. तिरकं ते सगळं आईचं बोलणं होतं आणि सरळ ते तिचं स्वतःचं. मार्गदर्शक सरांच्या आग्रहाखातर आईचं बोलणंही तिनं पुस्तकी मराठीत उतरवलं होतं, म्हणजे भाषेवरून ओळखायची सोय नव्हती. त्यासाठी तिनं एक वेगळी स्टाइल बनवली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं ‘आई’. स्टाइलमध्ये एकदा बदल केला की आईचं सगळं बोलणं एकदम बदलतं, असंही तिनं मला तेव्हाच सांगितलं. ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

“आता हे सगळं माझंच दिसतंय,” ती म्हणाली. “आईचं माझ्या नावावर लागलं. ही चोरी झाली, काकू.”

मी फाइल पुन्हा उघडून कंट्रोल झेड दाबून पाहिलं. बंद केलेल्या फाइलला मागचं काही आठवत नाही. लॅपटॉपवरची फाइल तिनं परत देताना पुसली होती, पेनड्राइव्हवर तेवढी एकच प्रत होती आणि तिच्या वह्या होस्टेलवर राहिलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं माझं,” मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून वर्षातून एकदा निघाले तरी खूप.

“तुला आठवेल ना गं, कुठलं कुणाचं?”

“थोडं आठवेल. दोन वर्षं ऐकतेय. आता काही काही मला माझंच वाटतं.”

आई भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. काय बिघडलं ते लेकीनं तिला समजावून सांगितलं. बाई जराही घाबरली नाही.

“मंग वाच की. माजं मला कळंल.”

मुलगी वाचायला लागली आणि मी कीबोर्डवर बसले. शेवळं काकडाबरोबर का शिजवायची, हे वाक्य निम्मं होतंय तोवर आई म्हणाली, “हे माजं. नायतर घसा खाजतो.” परिच्छेद निवडायचा आणि यादीत शाबूत राहिलेल्या ‘आई’ स्टाइलवर क्लिक करायचं, एवढंच माझं काम. पहिल्या दोन वेळा मी जुन्या सवयीनं स्पेसबारवर गेले. मग मुलीनं त्या स्टाइलला एक शॉर्टकट लावून दिला, आणि माझ्या हातानं तो मुकाट्यानं शिकून घेतला. एका दाबासरशी परिच्छेद तिरका व्हायचा. मला तो तेव्हा कलंडलेला वाटला नाही.

“शेवळाचा कांदा जमिनीतच राहू द्यावा.”

“माजं.”

“वनस्पतींच्या संवर्धनाची ही पारंपरिक पद्धत होय.”

“हे नाय. हे हिचं कालेजाचं.”

मी खो खो हसले. मुलगीही हसली, सकाळपासून पहिल्यांदाच. एके ठिकाणी आईनं आपलंच बोलणं अडवलं. “असं मी बोलले खरी, पन चुकले. भारंगीचा पाला कवळाच घ्यायचा, तेवढं घाल.” मी घातलं. दुसऱ्या एका परिच्छेदावर दोघींची जुंपली. मुलगी म्हणे माझा, आई म्हणे माझा. शेवटी मुलगीच म्हणाली, “तुझाच असेल. करा काकू तिरका.” बाहेर दोन गिऱ्हाईकं अर्ज घेऊन ताटकळली होती, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितलं.

दुपार कलली तेव्हा आम्ही शेवटच्या पानावर आलो. मुलगी दमली होती, एका सुरात वाचत होती.

“हे ज्ञान नव्या पिढीपर्यंत पोचलेले नाही. ते या पिढीबरोबरच लुप्त होईल.”

“म्हंजे काय?” आईनं विचारलं.

“म्हणजे तुम्हाला जे येतं ते पुढच्यांना येत नाही. तुमच्याबरोबरच संपणार.”

“हे कुनाचं?”

“माझं.”

“आन पुढची कोन?”

मुलगी हळूच म्हणाली, “मीच की.”

“मंग दोन वर्सं मी काय भिताडाला सांगत व्हते?”

आई रागावली नव्हती, तिला लागलं होतं. माझ्या दुकानात रोज माणसं काही ना काही मागत येतात, पण असा सरळ प्रश्न मी तिथं कधी ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच पडद्याकडे बघत बसले.

मुलीनं कीबोर्ड माझ्यापुढून ओढून घेतला. दोन्ही वाक्यं खोडली. मग एकच ओळ टाइप केली आणि वाचून दाखवली.

“हे ज्ञान माझ्यापर्यंत पोचले आहे.”

“पुन्यांदा वाच.”

तिनं पुन्हा वाचली. मी कीबोर्ड परत घेतला आणि शॉर्टकटवर बोटं ठेवली.

“मावशी, ही तिरकी करू?”

“नको,” आई म्हणाली. “ही तिची हाय. सरळच ऱ्हाऊ दे.”