गाण्याच्या शेवटी गिरणी

आमच्या रॉक बँडचं पहिलं गाणं आज प्रसिद्ध झालं, आणि ते ऐकवायला मी आधी खालच्या पिठाच्या गिरणीत गेलो. वरच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असताना गिरणीवाले काका आमच्यासाठी गिरणी बंद ठेवायचे. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन गप्प उभ्या राहायच्या. किती जणांच्या गप्प राहण्यावर आपला आवाज उभा असतो! हे गाणं सगळ्यात चांगलं जमलं त्या दिवशी मात्र काकांनी गिरणी जरा लवकर सुरू केली. रेकॉर्डिंगमध्ये आलेली ती घरघर आम्ही गाण्याच्या शेवटी तशीच ठेवली.

काकांनी पिठाच्या हातांनी फोन कानाशी धरला. घरघर आली तसे ते ओशाळले. "अरे, हे काढायचं होतं ना!"

"ते तुमचं आहे, काका."

वळून त्यांनी चालती गिरणी बंद केली. रांगेतल्या बायका आपसूक गप्प झाल्या.

"आता लाव," काका म्हणाले. "मोठ्यानं."