मैदान आमचं, ट्रक त्यांचे

गिळलेला राग पचत नाही, त्याचा किस्सा होतो. भिवंडीतल्या एका छोट्या कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून मी केस पांढरे केले. आता पोटात जेवणापेक्षा किस्सेच जास्त आहेत!

*

पहिल्याच दिवशी प्राचार्य म्हणाले, "सर, तेवढं पार्किंग बघाल ना?"

"माझा विषय शारीरिक शिक्षण आहे," मी म्हटलं.

"मग काय तर! बाइक उचलून बाजूला ठेवायला ताकद लागतेच की!"

*

एकदा कल्याणहून नवा भाला रिक्षातून आणत होतो. एक टोक इकडून बाहेर, दुसरं तिकडून. वाटेतल्या कोन गावापर्यंत येतोय तर एका टोकाला कुणाची तरी ओढणी, दुसऱ्या टोकाला केळ्यांचा अख्खा घड! हवालदाराने अडवलं.

"हा कुणावर फेकणार?"

"कुणावरच नाही, साहेब. फेकायला जागाच कुठे आहे!"

*

जागा नव्हती, कारण मैदानावर हळद होती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याची. डीजे असा, की भूगोलाच्या वर्गातला पृथ्वीचा गोल आपोआप फिरायला लागला!

सकाळी माझ्या कबड्डीच्या मुली सरावाला आल्या. कोर्टभर मांडवाच्या बांबूंचे खड्डे आणि चघळलेली हाडं. कॅप्टन वनिता डोंगरापलीकडच्या पाड्यावरून येते, पहाटे निघून. पहिल्याच चढाईत तिचा पाय खड्ड्यात गेला, गुडघा फुटला. मी तसाच अध्यक्षांकडे गेलो.

ते हसले. "अवो सर, खड्डे चुकवायला शिकली तर चढाई सुधारंल तिची!"

घरी येऊन मी उशीला ठोसे मारले. बायको म्हणाली, "कापूस पिंजायचा असेल तर गादीवाल्याकडे टाका."

*

मग शेजारच्या राहनाळ गावातल्या गोडाऊनचे ट्रक मैदानात आले. 'फक्त दोन दिवस' म्हणून आले आणि मुक्कामालाच राहिले. कबड्डीच्या कोर्टापुरती जागा मी भांडून वाचवली. एक ड्रायव्हर मला प्रेमाने म्हणाला, "मास्टरजी, आपका ग्राउंड एक नंबर! गाडी खडी करो तो हिलती ही नहीं!"

अध्यक्षांनाही ते पटलं असावं. दिवाळीनंतर सगळ्या मैदानावर काँक्रीट, कायमचं ट्रक पार्किंग, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

"आणि मुलींनी खेळायचं कुठे?" माझा आवाज चढला.

"गॅलरीत योगा घ्या की!"

*

त्याच महिन्यात पोरी विद्यापीठाची स्पर्धा जिंकून आल्या. आता अध्यक्षांना फोटो हवाच! ट्रकांमध्ये मोकळी जागा उरली होती ती कोर्टाचीच, म्हणून सत्कार तिथेच ठेवला. मध्यरेषेजवळ माइक, पलीकडच्या अर्ध्या भागात अध्यक्षांची खुर्ची. सकाळीच मारलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा चकचकत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "मी पन गावच्या संघातून खेललेला हाय. कबड्डी माझ्या रगतात हाय! बोल पोरी, काय पायजे तुला?"

वनिताने माइक बाजूला केला. मध्यरेषा ओलांडली आणि दम धरला. "मैदान-मैदान-मैदान-मैदान..."

लोक हसले. अध्यक्षही हसले. पण पोरगी पुढेच येत राहिली, वाकून, हात पसरून, नजर थेट त्यांच्यावर. ते खुर्चीतून उठले. एक पाऊल मागे सरकले. मग अजून एक. "अगं, अगं..." ती थांबेना, दम सुटेना! "मैदान-मैदान-मैदान..."

अध्यक्षांची टाच मागच्या रेषेबाहेर पडली.

"बाद!" सगळ्या पोरी एकदम ओरडल्या.

प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक. अध्यक्षांनी खाली रेषेकडे पाहिलं, वनिताकडे पाहिलं. मग हात वर केला आणि मुकाट जाऊन कोर्टाबाहेर एका ट्रकच्या चाकाशी मातीत मांडी घालून बसले.

प्राचार्य खुर्ची घेऊन धावले. "साहेब, साहेब, आत या ना!"

"येडा हायस का रं?" अध्यक्ष खेकसले. "बाद झालोय ना मी!"