ओव्याच्या काशीरामची चौदा नाणी

जमिनी नव्या शहरात गेल्यावर ओवे गावातल्या मंडळींनी मोबदल्यातून बंगले बांधले, गाड्या घेतल्या आणि बायकामुलांसह युरोपची टूर केली. बाकीच्यांनी स्वित्झर्लंडहून चॉकलेटं आणली. काशीरामने आणलं काळपट, नखाएवढं नाणं. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या प्रत्येक कॅन्टनचं, म्हणजे चिमुकल्या प्रांताचं, नाणं वेगळं होतं, असं गाइडने सांगितलं आणि गडी तिथेच अडकला.

“एवडंसं गाव, पन नानं सोताचं!” तो सगळ्यांना सांगायचा. ओवं खारघरच्या पत्त्यात विरघळलं होतं, ते त्याला फार लागलं होतं. लोक हसत. हसोत बापडे! बारा वर्षांत त्याने चौदा कॅन्टनांची नाणी जमवली. उरी नावाच्या कॅन्टनच्या १८११च्या नाण्यासाठी तर तो सहा वर्षं थांबला होता.

यंदा पनवेलच्या नाणेप्रदर्शनात त्याला पहिल्यांदाच टेबल मिळालं. त्याआधी दिवाळी आली. काशीरामने हौसेने नाण्यांचा डबा लक्ष्मीपूजनाला काढून ठेवला आणि हार आणायला गेला. परत येऊन पाहतो तर बायकोने, रंभाने, चौदाही नाणी चिंचेने घासून लखलखीत केलेली! घरची लक्ष्मी मळकी कशी पुजायची? नाण्यावरचा जुना रंग गेला की जाणकारांच्या लेखी त्याचा मान गेला, हे तिला कुठून ठाऊक असणार? काशीरामने एकेक नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग डब्याला हार घालून तो पूजेला बसला.

प्रदर्शनाचे आयोजक विश्वजीत साठे डबा बघून हळहळले. “काका, ही धुतलीत हो. निदान तसं लिहू तरी नका. लोक नावं ठेवतील.”

“खोटा मान नको मना,” काशीराम म्हणाला आणि त्याने ठळक पाटी लिहिली: ‘लक्ष्मीपूजनाला चिंचेने धुतलेली.’

सोबत आलेल्या रंभाने पाटी वाचली, साठ्यांची कुजबुज ऐकली आणि तिचा चेहरा उतरला.

“मंग तवाच का नाय बोललाव?”

“बोलून काय? नानी इकायची थोडीच हायत? आपल्या घरात पुजलीत ती. अशी दुसऱ्या कोनाकडं हायत का, सांग.”

तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ वाकले, पाटी वाचून चुकचुकले. “अरेरे! कोणी धुतली ही?”

काशीराम उत्तर देणार, तोच रंभा पदर सावरून पुढे झाली.

“मी,” ती म्हणाली. “आनि जमवली यांनी.”